रेंज बरडावरच यायची

मी तारेचा माणूस. सगळी उमर लोकांच्या घरात तार नेऊन देण्यात गेली, आणि शेवटची काही वर्षं तीच तार गुंडाळून परत आणण्यात. मूळ गाव बोरी अरब, पण नोकरीमुळे पांढरकवड्यात आलो आणि इथलाच झालो. आधी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका ठेकेदाराकडे घराघरात फायबर लावण्याच्या कामाला लागलो. आता तेही सोडलं. गुडघे शिडीला नाही म्हणतात.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फायबर म्हणजे काच, केसाएवढी बारीक. वरून काळं जाड आवरण असतं म्हणून ती तार वाटते. तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर तुमचा सिनेमा, तुमची पोरं, तुमचं ऑफिस सगळं चालतं. काच तुटली की उजेड थांबतो आणि घरातल्या राउटरवर लाल दिवा लागतो. मग आम्हाला फोन येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, तुमचा लाल लागला." जणू दिवा माझ्याच कपाळावर लागलाय. मग आम्ही शिडी घेऊन निघायचं, तुटलेली जागा शोधायची, दोन्ही टोकं सोलून, पुसून मशीनमध्ये समोरासमोर धरायची. मशीन ठिणगी टाकते आणि काच काचेला जुळते. हात स्थिर पाहिजे. श्वास जोरात घेतला तरी टोक हलतं.

गिऱ्हाईकं एकेक भेटली. एका बाईंनी धूळ बसू नये म्हणून राउटरला लोकरीचं झाकण विणलं होतं. तो आतल्या आत तापून बंद पडायचा आणि त्या मला म्हणायच्या, "तुमची मशीन हिवाळ्यातच बरी चालते." एका दुकानदाराने तार काढायला लावली आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. मला वाटलं पश्चात्ताप झाला असेल. तर तक्रार ही की भिंतीतलं तारेचं भोक मी तसंच सोडलं आणि त्यातून पाल आत येते.

तार काढायला लावणारे वाढत गेले, कारण मोबाईल. "घरात चार मोबाईल हायेत, चारहीमंधी डेटा हाय, तार कायले पाह्यजे?" हे मी इतक्या अंगणांत ऐकलं की पुढेपुढे वाद घालणं सोडलं. आधी समजावून सांगायचो. टॉवर म्हणजे गावातली एकच हापशी. सगळं गाव एकदम पाण्याला आलं की धार बारीक होते. आणि मोबाईल हवेवर चालतो असं तुम्हाला वाटतं, पण त्या टॉवरच्या पायथ्याशीही आमचीच तार असते. लोक हसायचे, चहा पाजायचे आणि राउटरची डबी हातात द्यायचे. मीही हसायचो. कोणाचं त्यात काही बिघडत नव्हतं.

आडे गुरुजींच्या घरची डबी मी आणायला गेलो ती दुपार मात्र आजही अंगावर येते.

आडे गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांचा बंजारा तांडा पांढरकवड्यापासून नऊ-दहा किलोमीटर आत, सागाच्या जंगलाच्या कडेला. घर तांड्याच्या अगदी टोकाला, खोलगट जागेत. मागे त्यांचंच वावर, त्याच्या पुढे तुरीचा पट्टा, त्यानंतर चढत जाणारं उघडं बरड, म्हणजे खडकाळ पडीक जमीन, आणि बरडाच्या पलीकडे झुडपांनी भरलेला नाला. गुरुजींच्या बायकोला लकवा मारलेला, अंथरुणाला खिळलेल्या. तांड्यातले सगळे त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई. मुलगा चंद्रपूरकडे कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घर सांभाळायची ती सून, कविता. नागपूरच्या एका ऑफिसात तिची नोकरी होती, दवाखान्याच्या विम्याचे कागद तपासायची. सासूला लकवा मारला तेव्हा तिने साहेबाला सांगितलं, घरून काम करू द्या नाहीतर राजीनामा घ्या. साहेबाने अट घातली की इंटरनेट तुटता कामा नये.

म्हणून गुरुजींनी तार मागितली. ठेकेदार एका घरासाठी एवढ्या लांब यायला तयार नव्हता. मीच त्याच्या मागे लागलो. ग्रामपंचायतीपासून गुरुजींच्या भिंतीपर्यंत अकरा खांब लागले, त्यातले चार जंगलाच्या कडेने. पहिल्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा कविता सासूच्या खाटेजवळ लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, आता याडीचं औषध आणि माझं ऑफिस एकाच खोलीत." त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, तेवढा खात्यातल्या एवढ्या वर्षांत क्वचितच वाटला असेल.

वर्षभर बरं चाललं. फक्त वांदरं तारेवर झोके घ्यायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी काच तुटायची. मी त्याच दिवशी जाऊन जोडून यायचो.

मग वाघाची बातमी आली. आमच्या भागाला वाघ नवा नाही, पण या वाघाने शेजारच्या गावच्या एका ढोरक्याला, म्हणजे गुराख्याला, मारलं होतं. वनखात्याची माणसं सांगून गेली, एकट्याने जाऊ नका, खाली वाकून काम करू नका, चारच्या आत घरी या. बायांनी कापूस वेचायला जाणं बंद केलं. बोंडं फुटून पांढरी लोंबत होती आणि वावरात माणूस नव्हता.

अशात गुरुजींकडे लाल लागला. मी गेलो. तुटलं होतं सातव्या खांबाजवळ, अगदी सागाच्या कडेला. मोटरसायकल वाटेवर लावली, शिडी टेकवली, वर चढलो. जोडायला अर्धा-पाऊण तास लागला असेल. मान मशीनमध्ये, कानात ठिणगीचा बारीक आवाज. काम संपवून उतरलो, गाडीकडे गेलो आणि खाली पाहिलं. धुळीत माझ्या गाडीच्या चाकाची रेघ होती. मी येताना उमटलेली. तिच्यावर पंजा होता.

रेघेच्या शेजारी असता तर आधीचा आहे म्हणता आलं असतं. तो रेघेवर होता, रेघेची नक्षी चेंगरून. म्हणजे मी वर असताना तो खालून गेला होता. शिडीपासून वीस पावलांवरून.

गाडी कशी चालू केली आठवत नाही. शिडी तिथेच राहिली. घरी आलो आणि बायकोला, निर्मलाला, सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. पण माझे हातच ताटात नीट जात नव्हते, तिने विचारलं आणि मी सांगून बसलो. तिने ताटातला भात काढून घेतला आणि परत गरम करून आणला.

त्यानंतर मी खोटं बोलायला लागलो. गुरुजींकडे पुन्हा लाल लागला तेव्हा मी फोनवर सांगितलं, "गुरुजी, मशीन नागपूरले रिपेरिंगले गेली. दोन-तीन दिवस लागतीन." मशीन माझ्या मांडीवर होती. तीन दिवसांनी दुसरे दोघे मिळाले म्हणून त्यांना सोबत घेऊन गेलो आणि जोडलं. पुढच्या वेळी सांगितलं, तार संपली. त्याच्या पुढच्या वेळी, ताप आला. कविता फोनवर कधी चिडली नाही. "काका, साहेब विचारून राह्यले, नक्की कधी होईल?" एवढंच म्हणायची. मला ते चिडण्यापेक्षा जड जायचं.

पौष लागला होता. पुन्हा तुटलं. मी काय कारण सांगावं याचा विचार करत चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी गुरुजींचाच फोन आला.

"भगतभाऊ, आता तार राहू द्या. मोबाईलवर चालवून घेऊन राह्यलो आम्ही. सूनबाईनं मोठं पॅक मारलं. तुमची डबी तेवढी घेऊन जा."

मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं.

तरी डबी आणायला मी आणखी चार दिवस लावले. शेवटी एका दुपारी पक्क्या सडकेने, जंगलाची वाट टाळून, लांबचा फेरा घेऊन गेलो. तीन वाजले असतील. गुरुजी ओट्यावर बसले होते. मी आत गेलो, राउटर काढला, भिंतीवरची तार सोडवून वेटोळं केलं. याडी खाटेवरून बघत होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं, पण माझ्या हाताकडे बघत होत्या.

"घरात रेंज बरी येते का, गुरुजी?" मी सहज विचारलं.

"येते ना," ते म्हणाले. "खिडकीपाशी येते."

मी खिशातून माझा मोबाईल काढला. खिडकीपाशी नेला. रेंजची एकही कांडी नव्हती. माझ्याकडे दोन कंपन्यांची कार्डं आहेत, दोन्ही मेलेली.

"कुठीसा येते?"

गुरुजी दुसरीकडे पाहू लागले. तेवढ्यात नाल्याकडून आवाज आला. वांदराचा. खॉक्, खॉक्. एकदा, मग परत, मग दोन-तीन वांदरं एकदम. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. झोके घेणारी वांदरं असं ओरडत नाहीत. खाली काही दिसलं की ओरडतात.

गुरुजी उभे राहिले.

"भगतभाऊ," ते हळूच म्हणाले, "सूनबाई बरडावर हाय."

"बरडावर काहून?"

"कामापुरती रेंज तिथंच येते ना जी, तांड्यात निस्ती बोलण्यापुरती. मोहाखालच्या दगडावर. रोज तिथंच बसते, दहापासून चारपर्यंत. मधात एकदा औषध द्याले येते."

माझ्या हातात तारेचं वेटोळं होतं. मी ते कुठे टाकलं ते मला माहीत नाही. मोबाईल काढला, तिला लावायला. घरात रेंज नव्हती. हीच तर गोष्ट होती. तिला सांगायला आमच्याकडे घरात काही उरलंच नव्हतं.

गुरुजींनी कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पिपा उचलला, हातात लाकूड घेतलं आणि चपला न घालता वावरात शिरले. सत्तरीचा माणूस. मी गाडीकडे धावलो. मी शूर नाही. गाडी घेतली ती लवकर पोहोचायला तर खरीच, पण पायी जायची माझी हिंमत नव्हती म्हणूनही. गाडीवर असलो तर पळता येईल, असा हिशोब माझ्या डोक्यात होता.

धुऱ्याच्या, बांधाच्या वाटेने गाडी उडवत नेली. एका हाताने हॉर्न दाबून धरला होता. कापसाच्या पऱ्हाटीचं वावर संपलं, तुरीचा पट्टा लागला. तूर माझ्या डोक्याइतकी उंच, पिवळी फुलं, हिरव्या शेंगा. तिच्या बाजूने जाताना मी तिकडे पाहिलं नाही. मान वळवायचीच भीती वाटत होती. पट्टा मागे पडला, चढ आला आणि कविता दिसली.

मोहाच्या झाडाखाली सपाट दगडावर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, शेजारी मोबाईल, कानात दोन्ही बाजूला इयरफोन. पाठ नाल्याकडे. पडद्याकडे बघून काहीतरी बोलत होती, मधेच मान हलवत होती. आणि तिच्या मागे चाळीस-पन्नास पावलांवर, बरड जिथून नाल्यात उतरतं तिथे, वाळलेल्या गवतात तो बसला होता.

उभा नव्हता. बसला होता, पुढचे पाय जमिनीला चिकटवून, मान खाली. गवताच्या रंगाचा. मला आधी फक्त कान दिसले. मग कानांच्या मधलं तोंड दिसलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तिच्या पाठीकडे पाहत होता.

मी हॉर्न वाजवत होतो, ओरडत होतो. काय ओरडत होतो कोण जाणे. कविताने मला पाहिलं. आणि तिने एक बोट वर केलं. "एक मिनिट." मी सहीला आलो, डबीचा कागद घेऊन आलो असं तिला वाटलं. पडद्याकडे पाहून ती पुढे बोलू लागली.

ते एक बोट मी कधी विसरलो नाही.

गाडी तिच्या अगदी जवळ नेली, बंद न करता. वाघ समोर आला. म्हणजे तो हलला नाही, मीच त्याच्या समोर आलो.

"काका, दोन मिनिटं, मीटिंग चालू आहे," ती म्हणाली.

"बाई, मांगं पाहू नको. गाडीवर बस."

माझा आवाज ऐकून तिला कळलं असावं. नको म्हटलं की माणूस पाहतोच. तिने मान वळवली. ओरडली नाही. हात मात्र कानाकडे गेला आणि इयरफोनची तार ओढली गेली, मोबाईलमधून निघाली. त्या उघड्या बरडावर साहेबाचा आवाज मोठ्याने आला, "कविता मॅडम, तुमचा आवाज तुटून राहिलाय. ऐकू येतंय का?"

वाघाचे कान त्या आवाजाकडे वळले. त्याने मान वर केली. मग तो उठला.

मी कविताचा दंड धरून ओढलं. तिचे पाय जागचे हलत नव्हते. कशीबशी मागे बसली, लॅपटॉप छातीशी धरून. मोबाईल दगडावरच राहिला. साहेब त्यातून बोलत राहिले. मी गाडी वळवली आणि मला दिसलं की वाघही चालू लागलाय. पळत नव्हता. सावकाश, आमच्या बाजूने थोडा वरून, तुरीकडे निघाला होता. म्हणजे आम्ही ज्या वाटेने परत जाणार त्या वाटेकडे.

आणि त्या वाटेवरून गुरुजी येत होते.

ते दिसत नव्हते. पिप्याचा आवाज येत होता, धाड् धाड् धाड्, पऱ्हाटीतून, मग तुरीच्या मागून. आम्ही दोघंही ओरडलो. कविता तिच्या बोलीत ओरडली, मग मराठीत, "बाबा, थांबा! येऊ नका!" पिपा थांबला नाही. स्वतःच्याच आवाजात त्यांना आमचं काही ऐकू येत नव्हतं. वाघ तुरीच्या कडेला पोहोचला आणि आत शिरला. तुरीचे शेंडे हलले. वारा नव्हता. शेंडे हलत हलत पिप्याच्या आवाजाच्या दिशेने जाऊ लागले.

मला जायला हवं होतं. गाडी चालू होती, हॉर्न हाताखाली होता. मी गेलो नाही. पाय जमिनीला टेकून, मागे पोरगी घेऊन, मी त्या हलणाऱ्या शेंड्यांकडे नुसता पाहत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. दहा श्वास असतील. मागून कविता माझा शर्ट मुठीत धरून म्हणत होती, "काका, चला ना. काका, बाबा हायेत तिकडे."

शेंडे थांबले. पिपा वाजतच होता. मग शेंडे परत हलले, आता आडव्या दिशेने, खाली नाल्याकडे. पट्ट्याच्या टोकाला एक क्षण पिवळं काहीतरी दिसलं आणि झुडपात गेलं. वांदरं पुन्हा ओरडली, आता लांबून.

गुरुजी तुरीच्या कडेने बाहेर आले. पाय रक्ताळलेले, काट्यांनी. आम्हाला पाहिलं, सुनेला पाहिलं आणि पिपा वाजवणं बंद केलं. त्यांनी वाघ पाहिलाच नव्हता. "गेला काय?" एवढंच त्यांनी विचारलं. तो त्यांच्यापासून किती जवळ होता हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही.

तिघं एका गाडीवर घरी आलो. कविता उतरली, हात धुतले आणि घड्याळात पाहिलं. चार वाजायला आले होते. सासूची गोळी काढली, पाण्यात विरघळवली, चमच्याने पाजली, तोंड पुसलं. मग मागच्या दारी गेली आणि तिला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. याडी खाटेवरून दाराकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना किती कळलं होतं देव जाणे.

आत आल्यावर तिने मला एकच विचारलं.

"काका, उद्या लागेल का तार?"

"लागते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाला सोबत घेतलं, तांड्यातली चार माणसं घेतली, एकाकडे डफडं होतं. तुटलं होतं सातव्या खांबापाशीच. शिडीवर चढलो. खाली पाच माणसं, डफडं वाजतंय, तरी माझे हात थरथरत होते. काचेचं टोक मशीनमध्ये बसेना. एकदा जुळवलं, मशीनने नापास केलं. दुसऱ्यांदा केलं, तेही गेलं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा डोळे मिटून आधी श्वास सोडला, मग टोक ठेवलं. जुळलं.

घरी राउटर परत बसवला. हिरवा दिवा लागला. कविताने लॅपटॉप उघडला, त्यावरूनच साहेबाला फोन लावला आणि माफी मागितली की काल मीटिंग मध्येच सोडली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "नेटवर्क गेलं होतं, सर."

तिचा मोबाईल वनरक्षकाने बरडावरून आणून दिला. दगडावर जसाच्या तसा होता.

गुरुजी आणि मी ओट्यावर चहा घेत बसलो. माझ्याने राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. मशीन नागपूरला गेली नव्हती. तार संपली नव्हती. ताप आला नव्हता. मी भ्यालो होतो म्हणून येत नव्हतो, आणि मी येत नव्हतो म्हणून तुमची सून बरडावर बसली. गुरुजींनी ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली.

"मले माहीत होतं, भगतभाऊ."

"काय माहीत होतं?"

"तुमच्या घरच्यांचा फोन आलता मले. त्या पंजाच्या दुसऱ्याच दिवशी. रडून राह्यल्या होत्या. म्हणे, गुरुजी, तुमच्या घरची लाइन तुटली तर यांले बोलावू नका. हे नाही म्हणणार नाहीत, पण मले झोप येत नाही. तुमाले सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगितलं नाही. दोन-तीनदा तुमाले फोन केला तो सूनबाईच्या नोकरीसाठी. मंग मलेच वाटलं, हे बरोबर नाही. एका घराच्या इंटरनेटपायी दुसऱ्या घरचा माणूस कायले वाघाच्या तोंडी द्यावा? मोबाईल घेतला. तुमाले खिडकीपाशी रेंज येते म्हटलं, नाहीतर तुम्ही डबी नेली नसती."

मग त्यांनी पुढे सांगितलं, "भेव तर सगळ्याइलेच होतं. म्यां फक्त आपल्या सुनेवर लोटलं, ते मले दिसलं नाही."

घरी आलो. निर्मला तांदूळ निवडत बसली होती. मी तिला कालपासूनचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "तू गुरुजींले फोन केलता?"

तिने सूप खाली ठेवलं. "केलता. तुमाले जाऊ द्या लागत होतं काय?" ती माझ्यावर ओरडली नाही, पण जवळजवळ तसंच. मग तिचा आवाज बसला. "मले काय माहीत ते पोरगी उघड्यावर बसते म्हणून. मले एवढंच दिसलं की तुम्ही घरी परत याल का नाही." आणि तोंडाला पदर लावून बसून राहिली.

तो वाघ पुढे पकडला म्हणतात, काही म्हणतात दुसरीकडे गेला. आमच्याकडे पक्कं कोणी सांगत नाही. वांदरं मात्र कुठे गेली नाहीत. दीड महिन्याने परत तार तुटली. तांड्यातून कविताचा फोन आला, "काका, लाल लागला." मी शिडी गाडीला बांधली, मशीनची पिशवी गळ्यात अडकवली. बाहेर आलो तर निर्मला दाराला कुलूप घालत होती. पायात चपला, हातात स्टीलचं ताट आणि उलथणं.

"कुठं निघाली?"

"तुमच्या मांगं."

"तुले काय येते तिथं?"

"ताट वाजवता येते," ती म्हणाली आणि गाडीवर बसली.

सातव्या खांबापाशी मी वर चढलो. टोकं सोलली, पुसली. मशीनमध्ये धरली, पण टोक स्थिर राहीना. मला वाटलं माझेच हात. हात पाहिले, ते ठीक होते. शिडीच हलत होती. खाली पाहिलं. निर्मला माझ्याकडे पाठ करून जंगलाकडे तोंड करून उभी होती, ताट बगलेत, आणि एका हाताने शिडी घट्ट धरून होती. तिच्या त्या हाताने शिडी थरथरत होती.

"भेव लागून राह्यलं काय?" मी वरून विचारलं.

"तुम्ही जोडा ना," तिने वर न पाहता म्हटलं.